कोल्हापुरात हिवाळ्याची नवी क्राफ्ट बिअर घेताना: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

गुऱ्हाळं पेटली, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या, सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या डोक्यावर कानटोप्या दिसायला लागल्या की आपल्याकडच्या काही मोठ्या शॉपीत फ्रिजच्या कोपऱ्यात वेगळेच टिन दिसायला लागतात. काळपट लेबल, स्टाउट, पोर्टर, स्पाइस्ड एल असली नावं, आणि किंमत नेहमीच्या बिअरपेक्षा बरीच जास्त. हा हिवाळ्याचा सीझनल माल. थोडाच येतो, एकदा संपला की बहुतेक वेळा पुढच्या वर्षीच दिसतो.

मी चार हिवाळे हा माल घेतोय. पहिल्या वर्षी मला कुणी काही सांगणारं नव्हतं त्यामुळे पैसेही गेले आणि चांगली बिअर चुकीच्या पद्धतीनं पिऊन वायाही घालवली. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळं क्रमानं लिहितोय. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, की या बिअरमध्ये ब्रँडपेक्षा पॅकिंगची तारीख आणि पिताना ती किती गार आहे या दोन गोष्टींनी जास्त फरक पडतो, आणि दोन्ही तुमच्या हातात आहेत.

१. आधी कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण इथूनच सुरुवात. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, हार्ड दारूसाठी २५. आणि आपल्या राज्यात पिण्याचा परवाना लागतो, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून ही पद्धत आहे. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत आणि आजीवन १००० रुपयांत मिळतो. मी सरळ आजीवन काढून घेतला, राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं ऑनलाइन अर्ज करता येतो.

सोबत न्यायच्या गोष्टी:
- आधार किंवा लायसन, वय दिसेल असं काहीही
- परवाना (मोबाइलमध्ये फोटो आणि घरी प्रिंट)
- जाड कापडी पिशवी आणि दोन जुने वर्तमानपत्र, बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून
- मोबाइलचा टॉर्च, हा कशाला ते पुढं सांगतो

ड्राय डे बघून निघा. हिवाळ्यात कार्तिकी एकादशी, २६ जानेवारी आणि ३० जानेवारी हमखास विसरले जातात, आणि निवडणूक असेल तर मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास बंद.

२. माल कधी येतो आणि कुणाला विचारायचं

ठरलेली तारीख नसते. साधारण दिवाळी झाल्यावर पहिले बॉक्स यायला लागतात आणि नाताळच्या आधी सगळ्यात जास्त व्हरायटी असते. मुंबई-पुण्यात आधी येतो, आपल्याकडं मागून. पुण्यात २००९ ला डूलाली सुरू झाली तेव्हापासून तिथं क्राफ्ट बिअरचं गिऱ्हाईक तयार झालंय, कोल्हापुरात अजून तेवढं नाही, त्यामुळे इथला दुकानदार एखाद-दुसरा बॉक्सच मागवतो आणि खपला तर परत. म्हणूनच विचारणं महत्त्वाचं आहे.

शनिवारी संध्याकाळी जाऊन विचारू नका. त्या वेळी काउंटरला दहा हात पुढं आलेले असतात, त्यात तुम्ही "स्टाउट आलाय का" विचारलं तर "नाय" एवढंच उत्तर मिळणार. मंगळवारी-बुधवारी दुपारी जावा. मी ज्या शॉपीत जातो तिथल्या मामांशी पहिलं बोलणं असं झालं होतं:

"काय देऊ? स्ट्राँग का माईल्ड?"

"मामा, हिवाळ्याचं नवीन काय आलंय का? काळी बिअर असती ती."

"ती कडू असती भावा. परत घेऊन येशील मला."

"न्हाई आणत परत. बघू तर द्या."

मग त्यांनी मागच्या फ्रिजमधनं चार टिन काढून काउंटरवर ठेवले. पुढच्या काचेच्या फ्रिजमध्ये जे खपतं तेच असतं, हा माल बऱ्याचदा मागं किंवा खाली ठेवलेला असतो. म्हणजे दिसला नाही म्हणून नाही असं समजायचं नाही.

शॉपी निवडताना एक बघा, उभ्या-उभ्या बाटल्या दारात उन्हात मांडून ठेवलेलं दुकान असेल तर तिथं क्राफ्ट घेऊ नका. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, त्यावर उजेड पडला की बिअरला एक उग्र, नकोसा वास येतो, हिरव्या आणि पांढऱ्या काचेत तो पटकन येतो, तपकिरी काचेत उशिरा, टिनमध्ये येतच नाही. म्हणून पर्याय असेल तर टिन.

३. लेबलवरची नावं म्हणजे काय

इथं सगळे गोंधळतात म्हणून जरा सविस्तर सांगतो, आणि आपल्या जिभेला ओळखीच्या चवींनीच सांगतो.

स्टाउट आणि पोर्टर: काळी बिअर. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, ते कॉफीच्या बियांसारखं खरपूस भाजलं की हा रंग येतो. चव ब्लॅक कॉफी, कमी साखरेचं चॉकलेट, आणि तव्यावर जरा जास्त झालेल्या भाकरीच्या पापुद्र्याची. पोर्टर ही जुनी, अठराव्या शतकातल्या लंडनची, आणि त्यातली जी तगडी ती स्टाउट पोर्टर, पुढं नुसतंच स्टाउट. आपल्याकडं छत्तीसगडच्या सिंबाचा स्टाउट आहे, सुरुवातीला समजून घ्यायला बरा.

बॉक: जर्मन, तांबूस ते गडद. हिचा वास घेतला की मला थेट काकवी आठवते. गुऱ्हाळावर रस आटत आलेला असतो, अजून गूळ पडलेला नसतो, तेव्हा जो वास सुटतो तो. कडूपणा कमी असतो. मिळाली तर सोडू नका, क्वचित दिसते.

स्पाइस्ड किंवा विंटर एल: यात दालचिनी, आलं, जायफळ, संत्र्याची साल असं काही घातलेलं असतं. ब्रुअरी चांगली असेल तर मसाला मागं राहतो, नाहीतर मसाला दूधच वाटतं. ही पहिल्यांदा एकच घ्या.

व्हीट बिअर: गव्हाची, गढूळ, हलकी. ही खरं तर हिवाळ्याची नाही पण नव्या माणसानं इथूनच सुरू करावं असं माझं मत आहे. बेल्जियन पद्धतीत धने आणि संत्र्याची साल असते, होगार्डन ही त्याच घराण्यातली. जर्मन पद्धतीत केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि त्यात ना केळं असतं ना लवंग, तो सगळा यीस्टचा कारभार असतो.

आयपीए (इंडिया पेल एल): हॉप्सचा कडूपणा, आंब्याचा-मोसंबीचा वास. चांगली असते पण ताजीच हवी, याचं कारण पुढच्या पायरीत.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. काळी म्हणजे स्ट्राँग, असं नसतं. गिनेस ड्राफ्ट काळीकुट्ट असते आणि अल्कोहोल ४.२ टक्के. उलट आपल्याकडं सर्रास खपणाऱ्या पिवळ्याधमक स्ट्राँग बिअर सात-आठ टक्क्यांच्या असतात. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात ५ टक्क्यांपर्यंत माईल्ड आणि त्याच्या वर ८ पर्यंत स्ट्राँग. रंग बघून अंदाज करू नका, टिनवरचा आकडा वाचा.

आणि हिवाळ्यातच अशा बिअर का, तर फ्रिज नव्हते तेव्हा उन्हाळ्यात केलेली बिअर नासायची. बव्हेरियात १५५३ मध्ये हुकूमच निघाला की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायची नाही. थंडीचे महिने हाच बिअर करायचा सीझन, अगदी आपल्या गुऱ्हाळासारखा. थंडीत जड, माल्टची, सावकाश प्यायची बिअर, ही आवड तिकडं तेव्हापासून मुरलीय.

४. टॉर्च काढा आणि तारीख बघा

ही पायरी गाळू नका. पहिल्या डिसेंबरात मी एका दुकानातनं चार आयपीए घेतल्या, नवीन माल म्हणून सांगितलं होतं. घरी येऊन उघडली तर ना आंबा ना मोसंबी, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव. टिन उलटा करून बघितला तर पॅकिंग मे महिन्यातलं. म्हणजे अख्खा उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाळा कुठल्यातरी गोडाऊनमध्ये काढून आलेला माल. सहा महिने पण उलटून गेले होते. चारही ओतून दिल्या.

तर तारीख टिनच्या बुडाला बारीक ठिपक्यांत छापलेली असते, गार टिनवर पाणी सुटलं की ती दिसत नाही, म्हणून शर्टाच्या कडेनं पुसायचा आणि टॉर्च तिरका मारायचा. बाटलीवर ती लेबलच्या कडेला किंवा मानेवर असते. बहुतेक भारतीय बिअरवर पॅकिंगपासून सहा महिने लिहिलेलं असतं. माझा हिशोब असा:

- आयपीए तीन महिन्यांच्या आतली असेल तरच
- व्हीट बिअर तीन-चार महिने
- स्टाउट, पोर्टर, बॉक यांना मुदतीच्या आत कितीही चालेल, भाजलेला माल्ट जरा दम धरतो

दुकानदार तारीख बघू देत नसेल तर राहू दे म्हणायचं आणि बाहेर पडायचं. चांगला दुकानदार कधी नाही म्हणत नाही. मामा तर आता स्वतःच टिन उलटा करून पुढं करतात.

लेबलवर "महाराष्ट्रात विक्रीसाठी" असं लिहिलंय का तेही बघा, ते नसेल तर हातात घेऊ नका.

५. पैसे देताना

एमआरपीपेक्षा एक रुपया जास्त द्यायचा नाही. "कूलिंगचे दहा वेगळे" हे तुम्हाला कुठंतरी ऐकायला मिळणारच, ते बेकायदा आहे. भांडायची गरज नाही, बिल मागा, बिल मागितलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. नाही मिटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

नव्या प्रकाराची एकच पिंट किंवा एकच टिन घ्या, आवडली तर दुसऱ्या दिवशी परत या. संपेल म्हणून घाईनं सहाचा पॅक उचलू नका. ३३० मिली दोघांत वाटून प्यायली तरी चव कळायला पुरेशी होते, तीन मित्र असाल तर तिघांनी तीन वेगळ्या घेऊन वाटून घ्या, स्वस्तात नऊ चवी कळतात तीन आठवड्यांत.

आणि इंटरनेटवर सापडलेल्या "घरपोच बिअर" असल्या नंबरला ॲडव्हान्स पाठवू नका. दुकानाचं नाव खरं असतं, नंबर भामट्याचा असतो. पैसे गेल्यावर तक्रार करायलाही लोक लाजतात म्हणून हे चालतं.

६. गोव्याचा आणि निपाणीचा मोह

हे खास कोल्हापूरकरांसाठी. गोव्यात क्राफ्ट बिअर भरपूर बनतात, आपल्यापेक्षा स्वस्त मिळतात, आणि आंबोलीतनं किंवा फोंडा घाटातनं आपण वर्षातनं दोनदा तरी येतोच. डिकीत दोन बॉक्स टाकले तर काय होतंय, असं प्रत्येकाला वाटतं. होतं. गोवा बनावटीची दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, स्वतःला प्यायला आणली तरी. डिसेंबरात घाटात उत्पादन शुल्कची पथकं उभी असतात, माल जातो आणि गाडीही जप्त होते. माझ्या ओळखीच्या एका पोरानं सहा टिनसाठी गाडी सोडवायला महिनाभर हेलपाटे घातले. निपाणीतनं, म्हणजे कर्नाटकातनं आणलेल्यालाही हाच नियम. तिथली बिअर तिथंच बसून प्या, आणि ज्याला गाडी चालवायचीय त्यानं पिऊ नये. रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वर गेलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पन्हाळ्यावर किंवा रंकाळ्याच्या काठावर बसून पिणं हाही गुन्हाच, आणि कायदा बाजूला ठेवला तरी गडावर बाटली नेऊ नका, हे मी मनापासून सांगतो.

७. घरी आणल्यावर

उभी ठेवा, अंधारात ठेवा. फ्रिजच्या दारात ठेवू नका, दार उघड-बंद होऊन तिथं तापमान सारखं बदलतं. फ्रीझरमध्ये तर अजिबात नाही.

आता ज्या गोष्टीनं माझं या बिअरबद्दलचं मतच बदललं ती सांगतो. पहिल्या वर्षी मी स्टाउट नेहमीच्या बिअरसारखी बर्फगार करून प्यायलो. नुसतं कडू पाणी. मामा म्हणालेले तेच खरं असं वाटलं. अर्धा ग्लास टेबलावर ठेवून फोनवर बोलायला गॅलरीत गेलो, वीस-पंचवीस मिनिटांनी आलो आणि टाकून द्यायच्या आधी एक घोट घेतला, तर वेगळीच बिअर. आधी कॉफीचा वास, मग गुळाच्या ढेपेच्या तळाला असतो तसला खमंग गोडवा, आणि शेवटी कडूपणा हळू येऊन थांबणारा. बिअर तीच, ग्लास तोच. गारठ्यानं जीभ बधिर होते आणि वासही दबून राहतो, माल्टची सगळी मजा वासात आहे.

म्हणून:
- साधी लागर (म्हणजे नेहमीची पिवळी बिअर) ४-५ अंशाला, थेट फ्रिजमधनं
- व्हीट आणि आयपीए फ्रिजमधनं काढून पाच-दहा मिनिटांनी
- स्टाउट, पोर्टर, बॉक १० ते १३ अंशाला, म्हणजे काढून वीस-पंचवीस मिनिटांनी

थर्मामीटर लागत नाही. टिनला हात लावल्यावर बोटं आखडत नाहीत, नुसतं गार लागतं, एवढं झालं की उघडा. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ च्या आसपास येतो, गॅलरीत रात्री उशिरा ठेवलेली बाटली जवळजवळ तयारच असते.

८. ग्लास आणि ओतणं

टिनला तोंड लावून पिऊ नका, वास नाकापर्यंत येतच नाही. साधा काचेचा ग्लास चालतो पण तेलकट नको आणि साबणाचा अंश नको, फेस लगेच बसतो. नुसत्या पाण्यानं विसळून उपडा ठेवून वाळवा, फडक्यानं पुसू नका. ग्लास तिरका धरून ओता, पाऊण भरला की सरळ करा, दोन बोटं फेस ठेवा. व्हीट बिअरचा शेवटचा थोडा भाग बाटलीतच गोल फिरवून तळाचा गाळ उठवून ओता, तो खराब नसतो, यीस्ट आहे, चव त्यातच आहे.

९. बरोबर खायला काय

इथं कोल्हापूरची बात वेगळी आहे. इंटरनेटवर चीज, चॉकलेट, भाजलेलं मांस असं काहीबाही सांगतात. मी आपल्या ताटाबरोबर करून बघितलंय.

तांबडा रस्सा आणि आयपीए एकत्र करू नका. तिखट आणि हॉप्सचा कडूपणा एकमेकांना पेटवतात, घसा जळतो आणि ना रस्स्याची चव राहते ना बिअरची. तांबड्याबरोबर व्हीट बिअर, गव्हाचा मऊपणा तिखटाला आवरतो. पांढऱ्या रस्स्याबरोबरही तीच छान, नारळ आणि खसखशीशी धन्याचा वास जुळतो.

सुक्क्या मटणाला स्टाउट. भाजलेलं खोबरं, कांदा, तीळ यांचा खरपूसपणा आणि भाजलेल्या माल्टचा खरपूसपणा एकाच जातीचा, मी आजवर खाल्लेल्या-प्यायलेल्या जोड्यांत ही पहिल्या नंबरची. फक्त चटणी (म्हणजे तिखट मसाला) रोजच्यापेक्षा एक चमचा कमी घाला. भडंग लागरबरोबर. आणि जेवण झाल्यावर पोर्टर उरली असेल तर शेंगदाण्याची गुळाची चिक्की, एक तुकडा, एक घोट.

आमच्या घरी मार्गशीर्षात गुरुवार पाळतात, त्यामुळे नवीन माल आला तरी मटणाचा बेत बुधवार किंवा रविवार बघूनच ठरतो. तुमच्याही घरी असेल तर आधी घरच्यांना विचारून ठरवा, या बिअरला घाई सोसत नाही आणि घरात तोंडं वाकडी असताना तर मुळीच नाही. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नका, गरोदर बाईनं अजिबात नाही.

१०. वही ठेवा

साधी शंभर पानी. नाव, पॅकिंगची तारीख, कुठल्या दुकानातली, किती टक्के, बरोबर काय खाल्लं, परत घेणार का. सहा ओळी. दुसऱ्या वर्षी लेबल बदललेलं असतं, नाव अर्धवट आठवतं, तेव्हा ही वही कामाला येते.

आणि ती सप्टेंबर-ऑक्टोबरात दुकानदाराला नेऊन दाखवा. तो माल डिस्ट्रिब्युटरकडनं मागवतो तेव्हा त्याला कुणी घेणारं आहे की नाही हीच शंका असते. गेल्या वर्षी आम्ही पाच जणांनी मिळून मामांना सांगितलं की स्टाउटचा एक बॉक्स मागवा, चोवीसच्या चोवीस आम्ही उचलतो, नावं लिहून घ्या. त्यांनी बिलाच्या पाठीमागं पाच नावं आणि नंबर लिहून गल्ल्यात ठेवले. यंदाही परवा दुपारी त्यांचा फोन आला, "भावा, तुझी काळी आलीया, तारीख दोन महिन्याची हाय, बघितली मी टॉर्च मारून."